नव्या मोटरसायकलचं रनिंग-इन: गावाकडून वारंवार येणारे प्रश्न

सोयाबीन विकलं, कापसाचा पहिला वेचा घरात आला, की दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या तालुक्यात नव्या गाड्या निघतात. दुसरा हंगाम पाडवा ते अक्षय्य तृतीया, म्हणजे लग्नसराईचा. गाडी घरी आली, हळद-कुंकू लागलं, लिंबू-मिरची बांधून झाली, की आठवड्याभरात गॅरेजवर नाही तर फोनवर प्रश्न सुरू होतात. वीस वर्षांत गाड्या कार्बोरेटरवरून इंजेक्शनवर गेल्या, प्रश्न मात्र बहुतेक तेच राहिले. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. इथली उत्तरं १०० ते १६० सीसीच्या, हवेवर थंड होणाऱ्या फोर-स्ट्रोक गाड्या धरून आहेत. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिकेचं ऐका, माझं नाही.

१. रनिंग-इन म्हणजे नेमकं काय? कंपनीतून सगळं घासूनपुसूनच येत नाही का?

येतं, पण शेवटची घासाई रस्त्यावरच होते. सिलिंडरची, म्हणजे आपण ज्याला बोअर म्हणतो त्याची, आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. कारखान्यात तिच्यावर मुद्दाम बारीक, तिरप्या, एकमेकींना कापणाऱ्या रेघा पाडतात. त्या रेघांत ऑइल धरून राहतं. पिस्टनवरच्या रिंगा या रेघांच्या टोकांवर घासतात आणि हळूहळू रिंग भिंतीच्या मापाची होते, भिंत रिंगेच्या. यालाच रिंगा बसणं म्हणतात. त्या नीट बसल्या की पेट्रोल जळून तयार झालेला दाब खाली गळत नाही आणि खालचं ऑइल वर जाऊन जळत नाही. गिअरचे दात, क्लच प्लेटा, कॅम यांचंही थोडंफार असंच असतं.

माझे वडील याला गोऱ्हा शिकवणं म्हणायचे. गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाहीत. आधी खांद्यावर नुसतं जू, मग रिकामी बंडी, मग वखर. पण दावणीला बांधून ठेवला तरी तो शिकत नाही, हेही ते सांगायचे. लोक पहिला भाग लक्षात ठेवतात आणि दुसरा विसरतात. पुढची निम्मी उत्तरं त्या दुसऱ्या भागाबद्दल आहेत.

२. किती किलोमीटरपर्यंत जपायचं?

पहिले १,००० किलोमीटर. त्यातले पहिले ५०० जास्त महत्त्वाचे. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत २,००० पर्यंत दोन टप्पे दिलेले असतात: १,००० पर्यंत एक मर्यादा, पुढच्या १,००० ला थोडी सैल. १,००० चा आकडा पडला म्हणून त्याच संध्याकाळी मूठ पिळायची नाही. शे-दोनशे किलोमीटरमध्ये वेग हळूहळू वाढवत न्या.

३. ४० च्या वर न्यायचीच नाही, असं शोरूमवाल्यानं सांगितलं. बरोबर आहे का?

अर्धं बरोबर. इंजिनला रस्त्यावरचा वेग कळत नाही, त्याला स्वतःचे फेरे कळतात. तिसऱ्या गिअरवर ४० म्हणजे इंजिन ओरडतंय आणि चौथ्यावर ४० म्हणजे आरामात, पण मीटरवर आकडा एकच. स्प्लेंडरसारखी १०० सीसी गाडी पूर्ण ताकद ८,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर देते. रनिंग-इनमध्ये साधारण त्याच्या निम्म्या-साठ टक्क्यांत खेळायचं. आरपीएमचा काटा असेल तर सोपं आहे. नसेल तर पुस्तिकेत गिअरवार वेगाचा तक्ता आहे का बघा. असला तर टाकीवर चिकटवून ठेवा.

तक्ता नसेल तर कान लावा. गाडी चढत्या सुरात रडायला लागली की वरचा गिअर टाका. हँडलमध्ये धडधड आली आणि चेन खडखडली की खालचा. टॉपमध्ये २०-२५ ला रेटत नेणं हे ७० ला नेण्याइतकंच वाईट, किंबहुना जास्त. कमी फेऱ्यांवर जास्त ओझं म्हणजे ऑइलचा दाब कमी आणि पिस्टनवर ठोके. ‘सावकाश चालवतो’ म्हणणारी मंडळी सगळ्यात जास्त चूक इथेच करतात.

४. म्हणजे एकाच मध्यम स्पीडनं शांतपणे चालवत राहायचं, असंच ना?

नाही. वेग बदलता पाहिजे. ३० वरून ४५, पुन्हा ३५, गिअर वर-खाली. रेस देताना रिंगा भिंतीवर दाबल्या जातात, सोडताना भार उतरून त्यांना उसंत मिळते. असं घेणं-सोडणं चालू राहिलं की त्या सगळीकडून सारख्या घासतात.

या बाबतीत आपले गावरस्ते वरदान आहेत. खड्डा, वळण, म्हशी, गतिरोधक, पुन्हा म्हशी. गाडी आपोआप शिकते. धोका आहे तो सरळ हायवेचा. अमरावती-अकोला दरम्यान २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर डांबरी थर सलग टाकून गिनीज विक्रम झाला. अशा सरळ, गुळगुळीत रस्त्यावर मूठ एकाच जागी धरून तासभर जाणं सोपं जातं आणि नव्या इंजिनला तेच नको असतं. जावंच लागलं तर दर पाच-सात मिनिटांनी वेग दहा-पंधराने खाली-वर करा.

५. आमचा मित्र म्हणतो सुरुवातीला हाणली तरच इंजिन खुलतं, नाही तर जन्मभर मंद राहतं. काऊन खोटं म्हणता?

पूर्ण खोटं नाही म्हणत. रिंगेला भिंतीवर दाबणारी मुख्य ताकद तिच्या मागे शिरलेल्या जळत्या वायूच्या दाबाची असते. अजिबात भार न देता हजार किलोमीटर काढले तर रिंगा अर्धवट बसतात. रेघांत ऑइल जळून चकचकीत, टणक थर जमतो आणि मग रिंगा बसायच्या राहूनच जातात.

हे मी स्वतःच्या खिशातून शिकलो. माझी पहिली नवी गाडी मी पापडासारखी जपली. हजार किलोमीटर टॉपमध्ये ३०, तीसच्या वर एक काटा नाही. वर्षभरात सायलेन्सरमधून निळसर धूर यायला लागला आणि दर सर्व्हिसिंगला ऑइल कमी झालेलं निघायचं. बोअर उघडला तेव्हा भिंत काचेसारखी चमकत होती, तिरप्या रेघा गायब. ज्यांनी ज्यांनी ‘हळू चालव’ सांगितलं होतं त्यांच्यापैकी कोणीही बिलाला हातभार लावला नाही.

तरी मित्राचा उपाय घ्यायचा नाही. नव्या भागांच्या टोकांवर घर्षण जास्त, उष्णता जास्त. सलग हाणली की पिस्टन फुगतो आणि बोअरला ओरखडे पडतात. मधला रस्ता असा: इंजिन गरम झाल्यावर अर्ध्या मुठीपर्यंत ठाम रेस, काही सेकंद, मग सोडा. पूर्ण मूठ नाही. हायवेवर सलग नाही.

६. सकाळी स्टार्ट करून किती वेळ उभी ठेवायची?

अर्धा ते एक मिनिट, बस. अंगणात पाच-दहा मिनिटं घुरघुरत ठेवायची पद्धत सोडा. उभ्या गाडीला वारा लागत नाही आणि इंजिनला भार नसतो, म्हणजे प्रश्न ५ मधल्या दोन्ही चुका एकदम. डिसेंबरच्या थंडीत इंजेक्शनची गाडी स्वतःच फेरे थोडे वाढवते, चोकची भानगड नाही. निघाल्यावर पहिले दोन किलोमीटर नरम हातानं चालवा. स्टार्ट करताच रेस देऊन घरच्यांना आवाज ऐकवायचा मोह मात्र टाळा. त्या क्षणी ऑइल वर पोचलेलंही नसतं.

७. पहिलं ऑइल ५०० लाच बदलायचं का? रंग तर सोनेरीच दिसतो.

बहुतेक गाड्यांची पहिली सर्व्हिसिंग ५०० ते १,००० किलोमीटरच्या मध्ये कुठेतरी असते आणि सोबत दिवसांचीही मुदत असते. दोन्हींपैकी जे आधी येईल ते. रंगावर जाऊ नका.

शंका असेल तर पहिलं ऑइल पांढऱ्या प्लास्टिकच्या टबात काढायला सांगा आणि उन्हात धरून बघा. टब हळूच गोल हलवला की त्यात लग्नाच्या शालूच्या जरीसारखी बारीक चमक फिरताना दिसते. ही रिंगा, गिअर आणि क्लचची घासलेली भुकटी. बघून घाबरू नका, एवढी असणारच. बोटांत घासल्यावर टोचणारे कण किंवा नखाएवढा तुकडा निघाला तर मात्र मेकॅनिकला तिथेच दाखवा.

जुन्या धाटणीच्या १०० सीसी इंजिनांत कागदी ऑइल फिल्टर नसतोच. एक जाळी असते आणि एक फिरती वाटी, जी कचरा कडेला फेकते. त्यामुळे या गाड्यांत पहिलं ऑइल लांबवणं जास्त महागात पडतं. काढलेलं ऑइल विहिरीजवळ किंवा धुऱ्यावर ओतू नका.

८. ट्रॅक्टरचं ऑइल घरी अर्धा डबा पडून आहे. तेच टाकलं तर?

नको. मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. क्लच प्लेटांना थोडी पकड लागते. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ असा शिक्का असेल तरच ते ओल्या क्लचसाठी तपासलेलं आहे असं समजा. कारच्या किंवा ट्रॅक्टरच्या ऑइलवर तो सहसा नसतो. ‘एमबी’ लिहिलेलं ऑइल स्कूटरचं, तेही नको. घट्टपणाचा आकडा, म्हणजे १०डब्ल्यू-३० वगैरे, पुस्तिकेत आहे तोच घ्या. ‘उन्हाळा आहे, जाड टाका’ असं दुकानदार म्हणाला तरी पहिल्या हजारात नको.

९. बाबा म्हणतात नव्या गाडीत पेट्रोलमध्ये थोडं ऑइल टाकावं. टाकू का?

बाबांची गाडी टू-स्ट्रोक होती. राजदूत, येझदी, जुन्या स्कूटर, सगळ्यांत पेट्रोलसोबतच ऑइल जळायचं आणि नव्या गाडीला थोडं जास्त घालायचे. तुमची फोर-स्ट्रोक आहे, तिचं ऑइल खाली वेगळं आहे. पेट्रोलमध्ये टाकाल तर प्लग काळा होईल आणि इंजेक्टर, सेन्सर घाण होतील. बाबांना हे प्रेमानं सांगा. आमच्या इथे या एका गोष्टीवरून घराघरांत अबोला झालेला पाहिलाय.

१०. गावात पंप नाही, बाटलीतलं पेट्रोल घेतलं तर नव्या इंजिनला चालेल का? आणि ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं काय?

आता शोरूममधून निघणाऱ्या गाड्या ई-२० साठीच बनवलेल्या असतात, त्याची चिंता नको. चिंता पाण्याची करा. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि दुकानातली उघडझाप होणारी बाटली पावसाळ्यात ओल धरते. अडीअडचणीला लिटरभर ठीक, रोजची सवय नको.

दुसरं, इंजेक्शनच्या गाडीला जुना रिझर्व्हचा कॉक नसतो. पंप टाकीतच पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि पेट्रोलनंच थंड राहतो. टाकी कोरडी होईपर्यंत ओढली तर आधी पंप जातो, आणि तो स्वस्त नाही.

११. डबल सीट, दुधाच्या कॅन, खताचं पोतं. कधीपासून?

एक माणूस मागे बसला तर लगेच काही होत नाही. पण पहिले ५०० किलोमीटर शक्य तेवढं एकट्यानं चालवा. १०० सीसी गाडीची एकूण ओझ्याची मर्यादा चालवणाऱ्यासकट साधारण १३० ते १५० किलो असते. आता हिशेब करा: तुम्ही ६५, युरियाची गोणी ४५, म्हणजे ११०. युरियाची गोणी पूर्वी ५० ची होती. डीएपीची अजूनही ५० चीच आहे. त्यावर लहान भाऊ बसला की गाडी मर्यादेवर किंवा पार. पोत्यासोबत चढण असेल तर पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरळ न्या, अर्धा क्लच दाबून ओढू नका. नव्या क्लच प्लेटा त्यानंच जळतात आणि तो जळका वास एकदा आला की विसरत नाही. दोन्ही बाजूंना ४० लिटरच्या कॅन लावणाऱ्या दूधवाल्यांनी हे दोनदा वाचावं.

१२. मे महिन्यात ४५-४६ डिग्रीला घेतली. उन्हात चालवू की नको?

अकोला, चंद्रपूर, नागपूरकडे दुपारी हवाच एवढी तापलेली असते की हवेवर थंड होणाऱ्या इंजिनला ती थंड कशी करणार? पहिले दोन-तीनशे किलोमीटर सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी करा. दुपारी निघावंच लागलं तर अर्ध्या-पाऊण तासानं कडूनिंबाखाली दहा मिनिटं थांबा. थांबल्यावर टिक-टिक आवाज येईल; तापलेला सायलेन्सर आणि इंजिनच्या पात्या थंड होताना आकसतात, त्याचा तो आवाज. बिघाड नाही. पाणी मात्र मारू नका.

१३. नवी गाडी शेगावला दर्शनाला न्यायची आहे. फक्त ६० किलोमीटर झालेत. नेऊ का?

हा प्रश्न वर्षातून किमान वीस वेळा येतो. अकोल्याहून जात असाल तर खुशाल न्या, अंतर फार नाही. अमरावतीहून जाऊन-येऊन पावणेतीनशेच्या आसपास होतं. तेही जमतं, पण पहाटे निघा, दर ४० किलोमीटरला थांबा, वेग बदलता ठेवा (प्रश्न ४) आणि त्याच दिवशी परत यायचा अट्टहास सोडा. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे तो विचारच नको. निघण्याआधी हवा, चेन आणि ऑइलची पातळी बघा. चिखलदऱ्याचा घाट मात्र पहिल्या सर्व्हिसिंगनंतरच.

१४. कंपनी ७० चं ॲव्हरेज सांगते, मला ४८ देते. फसवलं का?

थांबा थोडं. रिंगा बसेपर्यंत दाब गळतो, घर्षण जास्त असतं, तुम्ही खालच्या गिअरवर जास्त असता. सुरुवातीचं ॲव्हरेज कमीच येतं. दुसऱ्या सर्व्हिसिंगपर्यंत बऱ्याच गाड्या पाच-दहानं सुधारतात. शिवाय इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्याचा थोडा फरक पडतोच. काट्यावरून ॲव्हरेज काढू नका. टाकी फुल करा, २०० किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा फुल करा आणि भागाकार करा. २,००० नंतरही आकडा ढिम्म असेल तर आधी हवा आणि घासणारा ब्रेक तपासा, इंजिनवर आळ नंतर.

१५. कडक गिअर, न सापडणारा न्यूट्रल, जळका वास, पिवळा पडलेला पाइप: यातलं काय काळजीचं?

जवळजवळ काहीच नाही. सायलेन्सरवरचा तेलकट थर जळतो, त्याचा वास दोन-तीन दिवस राहतो. पाइप तापून पिवळा-निळा होतो. गिअर पहिलं ऑइल बदललं की नरम पडतात. काळजी करायची ती अशी: ऑइल टपकणं, सततचा निळा धूर, धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज, आणि चालता चालता गाडी एकदम जड होणं. हे शेवटचं झालं तर तत्क्षणी क्लच दाबा आणि बाजूला घ्या. पिस्टन बोअरमध्ये धरतोय, म्हणजे अडकतोय.

१६. पांदणीची धूळ आणि काळ्या मातीचा चिखल. नव्या गाडीत काही वेगळं बघायचं का?

चेन. नवी चेन पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये सगळ्यात जास्त सैल होते. खालच्या बाजूनं मधोमध बोटानं वर-खाली केली तर साधारण २० ते ३० मिलिमीटर हलली पाहिजे. नेमका आकडा चेन-कव्हरवर किंवा पुस्तिकेत असतो. एकदा एका शोरूमनं चेन अशी ताणून दिली होती की गिऱ्हाइकानं मागे बायकोला बसवताच गाडी करकरायला लागली. मागे ओझं बसलं की चेन आणखी ताणली जाते, म्हणून जास्त घट्टही नको.

पाऊस पडला की काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये गच्च भरते. चाक फिरेना म्हणून रेस दिली की क्लच जातो. उतरा, काडीनं माती काढा, मग चला. धूळ जास्त असेल तर एअर फिल्टर लवकर दाखवा. पण बऱ्याच गाड्यांत तेलकट कागदाचा फिल्टर असतो, तो हवा मारून साफ होत नाही, बदलावाच लागतो.

टायर आणि ब्रेकही नवे असतात: पहिले दीडशे किलोमीटर वळणावर झुकू नका आणि ब्रेक थोडा आधी लावा.

१७. पोट्ट्यानं पहिल्याच दिवशी ८५ ला नेली. इंजिन गेलं का?

नाही. दोन-चार मिनिटांच्या हौसेनं इंजिन मरत नाही. दवाखान्यात न्यायचं असतं तेव्हाही कोणी रनिंग-इन बघत नाही आणि बघूही नये. ऑइलची पातळी बघा, पुढे नियमानं चालवा, जमलं तर पहिलं ऑइल शंभर-दोनशे किलोमीटर आधी बदला. पोट्ट्याला मारू नका, सर्व्हिसिंगला सोबत न्या आणि टबातली जरीसारखी चमक दाखवा (प्रश्न ७).

१८. दसऱ्याला घेतली, पण मुलगा पुण्याला. चार महिन्यांत १८० किलोमीटर. रनिंग-इन झालं का?

झालं नाही, आणि सर्व्हिसिंगची दिवसांची मुदत मात्र निघून गेली. वॉरंटीसाठी ती मोजतात, म्हणून लगेच फोन करून विचारा. ऑइल बदलून घ्या. आठवड्यातून एकदा घरच्या कोणीतरी दहा-पंधरा किलोमीटर खरंच चालवावी. उभ्या उभ्या स्टार्ट करून बंद केल्यानं ऑइलमध्ये पाणी साचतं, बाकी काही साधत नाही. नंतर मुलगा आला तरी १,००० चा हिशेब तिथूनच पुढे चालू.

१९. पहिल्या सर्व्हिसिंगला शोरूम ५५ किलोमीटर लांब. गावातल्या मेकॅनिकनं केली तर?

काम मेकॅनिकलाही येतं, मी स्वतः तोच आहे. तरीही सांगतो, फ्री कूपनच्या सर्व्हिसिंगा कंपनीच्या ठिकाणीच करा. वॉरंटीचा दावा करायची वेळ आली तर शिक्के मागतात. मजुरी फुकट असते, ऑइलचे पैसे लागतात. तिथे उभं राहून ऑइल निघताना बघा. बाजाराच्या दिवशी जाऊ नका.

२०. इलेक्ट्रिक गाडीला हे सगळं लागतं का?

पिस्टनच नाही, रिंगा कुठून बसणार? टायर-ब्रेकचं तेवढं लागू, प्रश्न १६ चा शेवट बघा.

२१. जुन्याच गाडीत बोअर-पिस्टन नवं टाकलं. पुन्हा रनिंग-इन करायचं का?

करायचं, आणि नव्या गाडीपेक्षा जास्त काळजीनं. कारण बोअर आता कारखान्यात नाही, जिल्ह्याच्या लेथवर कापला गेलाय आणि पिस्टनची फट त्या कारागिराच्या हातावर आहे. पहिलं ऑइल २०० ते ३०० किलोमीटरलाच काढा, दुसरं १,००० ला. बाकी प्रश्न ३ ते ५ जसेच्या तसे. लोक इथे हमखास विसरतात, कारण गाडी जुनी दिसते. म्हणून मी अशी गाडी परत देताना त्या दिवशीचा मीटरचा आकडा मार्करनं सीटखाली लिहून देतो. मीटर ४३,००० दाखवत असतो, आणि इंजिनचा वरचा भाग शून्यावर असतो.